दाजींचे पुढचे चार दात

कार्यक्रम सहाला होता आणि साडेपाचपर्यंत मी एका बाईंच्या खालच्या कवळीला पॉलिश करत बसलो होतो. माझा धंदाच तो. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात आणि माझ्याकडे पाठवतात. पुढचं प्लास्टर, मेण, उकळतं पाणी आणि कानस माझ्याकडे. एकतीस वर्षं झाली. रस्त्यात मला कुणी ओळखत नाही, पण या शहरातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी जेवतात आणि उरलेले माझ्या नावाने बोटं मोडतात.

खरं तर मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पाठीचं लाकूड झालं होतं, डोळ्यांत दिवसभराची पूड होती. पण कार्यक्रम दाजींचा होता आणि दाजींच्या तोंडात मी केलेले दात होते. न जाऊन सांगतो कुणाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर नोकरी केली आणि त्याहून जास्त वर्षं ट्रम्पेट वाजवलं. सहा जणांचा त्यांचा ताफा आहे. पियानो, ड्रम, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, माणसाएवढा उभा बास आणि दाजी. जॅझ वाजवतात. मला त्यातलं कळतं असं मी कधी म्हटलेलं नाही. एवढं कळतं की आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात, मग एकेक जण उभा राहून त्या चालीवर आपल्या मनाचं बोलतो, बाकीचे त्याला सांभाळून घेतात आणि शेवटी सगळे परत चालीवर येतात. एकाचं बोलून झालं की लोक मध्येच टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं संपलं, म्हणून मी उठून दाराकडे निघालो. ताईने शर्टाला धरून खाली बसवलं. ताईला तरी कुठे आवडतं म्हणा. सहा माणसं एकमेकांचं न ऐकता तावातावाने बोलतायत, असं तिचं मत.

आठ महिन्यांपूर्वी दाजी बल्ब बदलायला स्टुलावर चढले. बल्ब बदलला, उतरताना पाय हुकला आणि तोंड बेसिनच्या कडेवर आपटलं. वरचे पुढचे चार दात गेले. जखम भरायला, हिरडी बसायला महिने गेले, मग डॉक्टरांनी माप घेऊन माझ्याकडे पाठवलं. चार दातांची छोटी कवळी, काढ-घाल करायची. चार दिवसांचं काम. मी पाच आठवडे घेतले.

कारण काय, तर त्या चारांतला पुढचा डावा दात. दाजींचा तो दात मुळातच वाकडा होता, शेजारच्याच्या अंगावर पाय टाकून झोपल्यासारखा. इतकी वर्षं जेवायला समोरासमोर बसून मी तो बघत आलो आणि दर वेळी माझे हात शिवशिवले. डगमगतं टेबल दिसलं की सुताराचे शिवशिवत असतील तसे. आता तो आयता माझ्या टेबलावर आला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं: 'रुग्ण वाद्य वाजवतात. दातांची ठेवण पूर्वीसारखी.' आणि त्याच संध्याकाळी ताई माझ्याकडे आली.

"करतोच आहेस तर सरळ कर," ती म्हणाली. "अडतीस वर्षांत एका फोटोत यांनी तोंड उघडलेलं नाही."

मला तेवढंच हवं होतं. चिठ्ठी खिळ्याला अडकवली आणि सरळ दात केले. तसे दात मी आयुष्यात दुसरे केले नाहीत. नुसते सरळ नाहीत, त्या माणसाच्या वयाचे. कडेला किंचित झिजलेले, मुळाशी चहाचा पिवळेपणा, एकावर केसाएवढी बारीक चीर रंगवलेली. दाजींनी ते घालून आरशात पाहिलं आणि "छान" म्हणाले. ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मी त्या दिवशी घरी जाऊन गाढ झोपलो.

हे तीन आठवड्यांपूर्वीचं. आणि आज त्या दातांनी त्यांचा पहिला कार्यक्रम. ताफ्याची प्रमुख पियानोवाली. शाळेत गणित शिकवते, सगळे तिला हेडबाई म्हणतात. तिने दाजींना फोनवर सांगून टाकलं होतं, "शुक्रवारी तुम्ही वाजवा. जमलं तर जागा तुमचीच. नाही जमलं तर बदलीच्या माणसाला मला कायम करावं लागेल, पुढच्या वर्षभराच्या तारखा लागल्यात." गणिताची बाई, गोल बोलायची सवय नाही.

वाचनालयाच्या तळमजल्यावरचा हॉल. सव्वाशे खुर्च्या, त्यातल्या शंभरेक भरलेल्या. ताईने माझ्यासाठी खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता. तिच्याकडे बघून कळत होतं की दोन-तीन रात्री तिची झोप झालेली नाही. मी बसलो, पिशवी मांडीवर ठेवली. पिशवीत दोन बारीक कानशी आणि पॉलिशचा कागद होता. नवी कवळी पहिल्यांदाच जास्त वेळ घातली की टोचते, म्हणून घेऊन आलो होतो.

"नाही जमलं तर काय रे होईल?" ताईने विचारलं.

"काय व्हायचंय. घरी बसतील."

"घरीच होते की आठ महिने." ती स्टेजकडे बघत होती. तिथे अजून कुणी आलं नव्हतं. "खरं सांगू का तुला? मला बरं वाटलं. लग्न झाल्यापासून संध्याकाळचे हे कधी घरी नाहीत. पंप सुटला की ट्रम्पेट. या आठ महिन्यांत आम्ही रोज नदीपर्यंत चालायला जातो. परवा मला विचारतात, लहानपणी तुला कशाची भीती वाटायची. असलं काही यांनी मला कधी विचारलं नव्हतं."

"मग? बरंय की."

"बरंय. पण चालता चालता थांबले आणि कठड्यावर हात टेकला की बोटं चालतात यांची. तीन बोटं, ट्रम्पेटच्या कळा दाबल्यासारखी. स्वतःला कळतही नाही." तिने जांभई दाबली. "मी देवाला काय मागू तेच कळेना, म्हणून काहीच मागितलं नाही."

सहा वाजून पाच मिनिटांनी ताफा स्टेजवर आला. दाजी शेवटी. इस्त्रीचा काळा शर्ट, केस नीट विंचरलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ते हसले, दात दाखवून हसले. दहाव्या रांगेतून मला माझं काम दिसलं आणि क्षणभर पाठ दुखायची थांबली.

पहिली दोन गाणी बरी गेली. दाजी सगळ्यांबरोबर वाजवत होते, गर्दीत कुणाचा आवाज कुठला ते मला कळत नाही. तिसऱ्याला ते एकटे उभे राहिले.

दाजींचं ट्रम्पेट मी पुष्कळदा ऐकलंय, बहुतेक वेळा पेंगत. तरी तो आवाज माझ्या कानात पक्का आहे. घोगरा, कडेने थोडी हवा निसटणारा, सकाळी उठल्या उठल्या माणूस बोलतो तसा. आज जो निघाला तो स्टेशनवरच्या घोषणेसारखा होता. स्वच्छ, सपाट, कुणाचाही. वर चढताना तो दोनदा फाटला. दाजींनी वाद्य ओठांवर सरकवून घेतलं, परत सरकवलं. चालीची एक फेरी कशीबशी पुरी केली आणि दुसरी घ्यायची सोडून खाली बसले. ट्रॉम्बोनवाल्याची तयारी नव्हती, तो धडपडत उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुलाने पाढा चुकत म्हटला तरी वाजवतात तशा. ताईने हात मांडीवरच ठेवले होते.

माझ्या दुसऱ्या बाजूला चाळिशीचा एक माणूस बसला होता. पायांशी काळी पेटी. ती पेटी कशाची आहे हे मी आल्याआल्याच ओळखलं होतं आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. बदलीचा माणूस. हेडबाईने त्याला तयारीनिशी बोलावून ठेवलं होतं.

तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "दात बदलले का हो यांनी?"

"का?"

"पूर्वी जरा डाव्या बाजूला धरायचे. तिथे फट असणार, किंवा एखादा दात आत असणार. आता मधोमध धरतायत तरी घसरतंय. मागे सगळं सपाट लागत असेल." त्याने मान हलवली. "दिसतात फार सुरेख. पण असे सुरेख करून ठेवले कुणी, देव जाणे."

"देवाला कशाला मध्ये घालता. मी केले."

तो खुर्चीत मागे सरकला. मग म्हणाला, "माफ करा." आणि थोड्या वेळाने, समोर बघत, "मी आठ महिने त्यांच्या जागी वाजवतोय. तो त्यांचा आवाज काढून बघायचा खूप प्रयत्न केला. नाही निघत. तो त्यांच्या तोंडातच होता."

मी चिडायला बघत होतो, पण चिडायला जागा मिळेना. माणूस सभ्य होता आणि बोलत होता ते खरं होतं. एकतीस वर्षांत माझी कवळी सैल झालीय, उंच झालीय, एकदा तर एकाची दुसऱ्यालाच गेलीय. ते सगळं दुरुस्त होतं. पण कुणाचा आवाज मी कधी काढून घेतला नव्हता. मला लाज वाटली. पुढची दोन गाणी काय वाजली ते मला सांगता येणार नाही.

मध्यंतर वीस मिनिटांचं होतं. लोक चहाकडे गेले. मी ताईला भिंतीपाशी घेतलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठीचंही सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं.

"म्हणजे डॉक्टरांनी लिहिलं होतं?"

"लिहिलं होतं."

"आणि मी सरळ कर म्हटलं म्हणून तू..."

"तू म्हटलं नसतंस तरी मी केले असते."

ती ओरडेल असं वाटलं, पण ओरडायचंही तिच्यात त्राण नव्हतं. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती म्हणाली. "आता भांडतोस कुणाशी? चल आत."

स्टेजच्या मागे एक खोली होती. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात बेसिन, वर तडकलेला आरसा. बाकीचे पाच जण चहाला गेले होते. दाजी एका खुर्चीवर मांडीत ट्रम्पेट घेऊन बसले होते आणि रुमालाने ओठ टिपत होते. आम्हाला बघून म्हणाले, "बरं झालं आलात. मी हेडबाईंना सांगून टाकणार आहे. दम पुरत नाही आता. वय झालं."

"दम पुरतोय तुमचा," मी म्हणालो. "दात चुकलेत."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग खाली.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी," ते म्हणाले.

"आणि बोलला नाहीत?"

"तू पाच आठवडे खपलास. आणि ही..." त्यांनी ताईकडे हात केला. "ही इतकी खूश होती. म्हटलं होईल सवय. रोज दुपारी जुन्या पंपघराच्या मागे जाऊन वाजवतो. नाही होत सवय."

तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. "दाजी, माझ्याकडे येणारा प्रत्येक म्हातारा पहिल्या दिवशी चार तक्रारी करतो. टोचतंय, हलतंय, चव लागत नाही, बायको ओळखत नाही. तुम्ही एक तक्रार केली असती तर काय बिघडलं असतं? तीन आठवडे होते माझ्या हातात. आता पंधरा मिनिटं आहेत."

"कशाला पंधरा मिनिटं?"

"काढा ती कवळी."

दाजी उठले. ताईकडे न बघता मला म्हणाले, "तिला बाहेर जाऊ दे."

मला समजायला वेळ लागला. या माणसाने आठ महिन्यांत एकदाही बायकोसमोर दात काढले नव्हते. आधी तोंडावर रुमाल, मग तात्पुरती कवळी, मग ही. न्हाणीघराची कडी लावून धुवायचे, कडी लावून बसवायचे. ताई निमूट दाराकडे निघाली.

मी कानस हातात घेतली आणि तिथेच अडकलो. "दाजी, तो दात नक्की किती वाकडा होता? आत होता की नुसता वळलेला? फट कुठल्या बाजूला?"

"मला काय माहीत? मी काय बाहेरून बघतो का? जिभेला लागायचा एवढं कळतं."

मलाही आठवेना. इतकी वर्षं समोर बसून बघितलेला दात, आणि मी दात बघणारा माणूस. तो चुकीचा आहे एवढंच मी दर वेळी बघितलं होतं. कसा आहे ते कधी बघितलंच नव्हतं.

"मला माहितीये," ताई दारातून म्हणाली.

ती परत आत आली आणि तिने दार लावून घेतलं. "काढा हो. मी काय परकी आहे?"

दाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी कवळी काढून मागच्या मागे माझ्या हातात दिली आणि वळले तेव्हा तोंडावर हात होता. ताईने तो हात धरून खाली केला. वरचा ओठ आत गेला होता, दाजी एकदम दहा वर्षांनी मोठे दिसत होते. तिने नीट बघितलं, आणि नजर न चोरता बघितलं. मग माझ्या तळहातावरच्या कवळीवर करंगळी ठेवली.

"हा. हा खालच्या टोकाला आत जायचा, या कडेने. आणि या दोघांच्या मध्ये फट. वर नाही, वर चिकटलेले होते. खालीच. पोस्टकार्ड जाईल एवढी."

"नक्की?"

"यांनी साखर म्हटलं की शिट्टी वाजायची. अडतीस वर्षं ऐकलीय मी ती. पहिल्या वर्षी हसू यायचं, मग राग यायचा." ती थांबली. "तू घास. मी सांगते कुठे थांबायचं."

पहिली कानस मारायला हात धजेना, खोटं कशाला बोलू. केसाएवढी चीर ज्या दातावर रंगवली होती तोच दात. पांढरी पूड बेसिनमध्ये पडायला लागली. टोक बाहेरून उतरवलं, शेजारच्याची कड खाल्ली, कागद फिरवला, धुतलं. दाजींनी घातली.

"साखर म्हणा," ताई म्हणाली.

"साखर."

"नाही. अजून."

परत काढली, परत घासली. हात भरून आले होते. सकाळी आठपासून घासतच होते बिचारे. दुसऱ्यांदाही नाही. ताईने दाजींचा ओठ स्वतःच्या बोटाने वर धरला आणि मला दाखवलं, "इथे. इथे अजून दातच आहे. इथे काही नव्हतंच." दाजी तसेच उभे, डोळे मिटून, घोड्याचे दात बघतात तसे आम्ही दोघं त्यांचे बघतोय आणि त्यांची काही तक्रार नाही.

तिसऱ्यांदा घातली.

"साखर सांडली," दाजी म्हणाले आणि दोन्ही शब्दांना बारीक शिट्टी वाजली.

ताई हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, मग तिने पदराने बेसिनची कड पुसायला घेतली, जसं काही ते तिचंच घर होतं. तेवढ्यात हेडबाईने दार ढकललं. तिने बेसिनमधली पूड बघितली, माझ्या हातातली कानस बघितली.

"काय चाललंय?"

"जरा दुरुस्ती," ताई म्हणाली.

"पाच मिनिटं आहेत," हेडबाई म्हणाली आणि गेली.

उत्तरार्धात दाजींची पाळी दुसऱ्याच गाण्याला होती. संथ गाणं. ते उभे राहिले, ट्रम्पेट ओठांना लावलं आणि जरासं डावीकडे सरकवलं. मी खुर्चीची कड धरून बसलो होतो. शेजारच्याने पेटीवरचा हात काढून घेतला.

पहिला सूर काही विशेष नव्हता. दुसराही. तिसरा खाली उतरला आणि तिथे कडेने हवा निसटली, आवाजाला ती खरखर आली, आणि मला समोर दाजी दिसायच्या आधी ऐकू आले. मला गाण्यातलं काही कळत नाही हे मी आधीच सांगितलंय. पण तो माणूस बोलत होता. घाई नव्हती, मोठ्याने बोलणं नव्हतं. दिवसभर काम करून आलेला माणूस दारातच बसून बोलतो तसं चाललं होतं. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा जॅझ ऐकताना पेंगलो नाही.

"हं," शेजारचा स्वतःशीच म्हणाला. त्या एका 'हं'मध्ये त्याची जागा जात होती आणि तरी तो मनापासून म्हणाला.

एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसरी दाजींनी सुरू केली आणि मध्येच आवाज पातळ झाला, नुसती फुंकर उरली. त्यांनी परत लावलं, परत फुंकर. मग वाक्य अर्धं टाकून त्यांनी ट्रम्पेट खाली घेतलं. ड्रम चालू, बास चालू, आणि जिथे दाजी होते तिथे काहीच नाही. हेडबाईने मान न वळवता दाजींचं ते अर्धं वाक्य पियानोवर उचललं आणि सावकाश पुरं केलं. टाळ्या खूप वाजल्या. कुणाला वाजल्या ते मला ठरवता येईना.

साडेआठला लोक पांगले. आम्ही स्टेजपाशी गेलो. बदलीचा माणूसही पेटी घेऊन आला आणि दोन पावलं मागे उभा राहिला. हेडबाई पियानोचं झाकण लावत होती.

"शेवटी काय झालं?" तिने दाजींना विचारलं.

"ओठ गेला. आठ महिने झोपलाय, लगेच कसा उठेल."

"आणि दात?"

"दात बरोबर आहे," दाजी म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. वरचा ओठ सुजून लाल झाला होता.

हेडबाईने बदलीच्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघता? तुम्ही ऐकलंत ना?" आणि त्याने दाजींशी हात मिळवला. मग पेटी उचलून सरळ निघून गेला.

"जागा तुमची," हेडबाई दाजींना म्हणाली. "पण असं अर्ध्यात सोडून चालणार नाही. ओठ तयार व्हायला रोज दोन तास लागतील, इथे, आमच्याबरोबर. रोज संध्याकाळी साडेपाच. तीन महिने तरी. नंतर कार्यक्रम आहेतच. जमेल का बघा आणि आत्ताच सांगा."

दाजींनी लगेच हो म्हटलं नाही. मी त्यांना अडतीस वर्षं ओळखतो, असल्या प्रश्नाला ते थांबले असतील असं मला आठवत नाही. ते ताईकडे बघत उभे राहिले. ताई खुर्चीच्या पाठीवर भार टाकून उभी होती. दमली होती ती, माझ्याहून दमली होती.

"जमेल," ताई म्हणाली. "यांना जमेल."

हेडबाईने मान हलवली आणि दिवे बंद करायला गेली. दाजींनी ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि वाकलेलेच राहून म्हणाले, "आणि तू?"

"मी येऊन बसेन की इथे. मागच्या रांगेत."

"तुला आवडत नाही हे."

"नाही आवडत," ताई म्हणाली. "पण आता संध्याकाळची घरी एकटीने बसवत नाही मला."